नागोराव सरांच्या शेवाळाच्या टाक्या

नागोराव मस्के सरांची कुणाशी नवी ओळख झाली की नाव आणि गाव विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला असे. "सकाळी काय खाल्लं?" समोर पोस्टमन असो की विद्यापीठातून तपासणीला आलेले मोठे साहेब, प्रश्नात बदल नाही. उत्तर ऐकताना ते माणसाच्या तोंडाकडे न बघता पोटाकडे बघायचे आणि पटलं तर एकदाच मान हलवायचे. मी परभणीहून हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यावरही हा प्रश्न आला. मी म्हणाले, पोहे. "दाणे टाकले व्हते का?" मी म्हणाले, नाही. "मंग अकराला भूक लागंल," असं म्हणून ते तासाला निघून गेले. मला त्या आगाऊपणाचा राग आला, आणि अकराच्या तासाला फळ्यावर समीकरण लिहिताना पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा तो दुप्पट झाला.

पोरं त्यांना माघारी 'आतडे सर' म्हणत. ते प्राणिशास्त्र शिकवायचे. हृदय, मेंदू, मूत्रपिंड हे सगळं ते उरकून टाकत, पण पचनसंस्था आली की तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूच येत नसे. "तोंड काय बी सांगतं. आतडं खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. कॉपी करताना सापडलेल्या पोराला तेच, उशिरा आलेल्या शिपायाला तेच, आणि 'मला राग आलेला नाही' असं मी दात आवळून म्हणाले की मलाही तेच. उंच, वाळकं शरीर, कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा सदरा आणि खिशात पेनाच्या शेजारी चामड्याच्या म्यानात एक लहानशी सुरी. ती वडिलांची. घर मेंढरं राखणारं, औंढ्याच्या डोंगराकडचं. त्या सुरीनं ते माशाचं पोट उघडत आणि स्पिरिटनं पुसून त्याच सुरीनं पेरूही कापून देत. मी तो पेरू कधी खाल्ला नाही, आणि त्यांनी देणं कधी सोडलं नाही.

हे आतड्याचं वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. ते सात-आठ वर्षांचे असताना एकाच दिवशी दोन कोकरं मेली. एक अजून अंगावर पिणारं, दुसरं नुकतंच पाल्याला तोंड लावायला लागलेलं. वडिलांनी दोन्हींची पोटं उघडून पोराला दाखवली. एकात दह्याचा गोळा, दुसऱ्यात हिरवा चोथा. नागूनं विचारलं, दूध पचवणाऱ्या पोटाला पाला पचवायचं शिकवलं कोणी? "त्याला बी मास्तर असंल कोणी," वडील म्हणाले आणि सुरी पुसून कामाला लागले.

"तो मास्तर कोण हाय, तेच शोधून राहिलो मॅडम," असं म्हणून सरांनी कप खाली ठेवला.

त्यासाठीच त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं होतं. विषयाचं नाव भलंमोठं होतं. शेवाळावर वाढवलेल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यातली पाचक एन्झाइमं, असं काहीतरी. मूळ प्रश्न मात्र कोकराचाच. रोहू माशाला बोटाएवढा असल्यापासून पेंडेऐवजी शेवाळ खायला घातलं, तर त्याचं आतडं शेवाळ पचवायला शिकतं का? शिकत असेल तर पिठूळ अन्न फोडणारं अमायलेज नावाचं एन्झाइम त्याच्या आतड्यात वाढलेलं दिसायला हवं. तसं दिसलं, तर कालव्यात आपोआप वाढणारं शेवाळ तळ्यात मासे पाळणाऱ्यांच्या कामाला येणार होतं.

पण या प्रश्नाला आणखी एक शेपूट होतं आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सर कायम नव्हते. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला ती संपायची. त्या वर्षी संस्थेनं स्पष्टच सांगितलं, की मार्चअखेर प्रबंध विद्यापीठात गेला तर मस्के कायम, नाहीतर जागेची जाहिरात निघणार. सर चाळिशीला टेकले होते. कुणी लग्नाचा विषय काढला की "ऑर्डर पक्की होऊ द्या" म्हणत. त्यांचं घर, लग्न, म्हातारपण, सगळं त्या माशांच्या पोटात अडकलेलं होतं, आणि मी एरवी कुणाच्या नोकरीची काळजी करणारी बाई नाही, पण मलाही त्या वर्षी कॅलेंडरकडे बघवत नसे.

कॉलेजच्या मागे विहिरीला लागून सिमेंटच्या सहा टाक्या होत्या. तीन पेंडेच्या, तीन शेवाळाच्या. पेंडवाल्यांना शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा. शेवाळवाल्यांसाठी सर सिद्धेश्वरच्या कालव्यावर जायचे, गुडघाभर पाण्यात उतरून हिरव्या जटा ओढून काढायचे आणि पोत्यात भरून एस.टी.च्या टपावर टाकून आणायचे. ते शेवाळ कॉलेजच्या गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत पडे. तो वास खाली प्राचार्यांच्या खोलीपर्यंत येई. आमचे प्राचार्य उन्हाळ्यातही खिडकी लावून बसत.

टाक्यांच्या शेजारी एक पत्र्याची खोली होती, तिथे सर आणि त्यांची आई राहत. सोजरमावशी. कपाळावर गोंदण, कानात जाड बुगड्या, आणि चालताना हातात काठी, आधाराला नव्हे, जन्मभराच्या सवयीनं. मेंढरं विकून लेकाकडे आल्या होत्या आणि त्यांचे हात रिकामे राहत नव्हते. कॉलेजचा मिक्सर जळाल्यावर वाळलेलं शेवाळ त्यांनी जात्यावर दळायला घेतलं. तोंडाला पदर, मान एकीकडे वळवलेली, आणि जात्याच्या घरघरीबरोबर बोलणं चालू.

"बाई, हे काय खाणं हाय का? जितराब बी तोंड लावणार न्हाई ह्याला. अन् हा मह्या नागू लेकरावाणी वाढवून राहिला त्यायला, अन् घालतो काय, तर चिखल!"

"शेवाळ हाय माय, चिखल न्हाई," सर टाकीवरून ओरडायचे.

"खाऊन बघ तू. मंग सांग."

आणि गंमत म्हणजे त्यांनी ते खरंच खाऊन बघितलेलं होतं. चव विचारली तर म्हणाले, "पालकासारखी. वाईट पालकासारखी."

पावसाळ्यात सोडलेली पिल्लं तीन खेपांना पुरवायची होती; दर खेपेला दोन महिने खाऊ घातलं की प्रत्येक टाकीतले काही मासे कापायचे. त्याच्या आदला दिवस उपासाचा. सहाही टाक्यांत अन्नाचा कण टाकायचा नाही. सरांचा नियम कडक होता. आतडं पूर्ण रिकामं झालं पाहिजे, नाहीतर आपण आतडं मोजतोय की त्यातलं अन्न, हे कळायचं नाही. त्या दिवशी ते टाक्यांवर एक दोरी बांधत आणि दोरीला खडूनं लिहिलेली पाटी अडकवत. 'उपास.'

एन्झाइम मोजायचं काम रसायनाचं, म्हणून ते सरांनी माझ्या गळ्यात घातलं होतं, आणि कापायच्या दिवशी आमच्या जिवात जीव नसे. एन्झाइमला उष्णता चालत नाही. मासा मेला की आतडं ताबडतोब बर्फावर गेलं पाहिजे, थंडच वाटलं पाहिजे, थंडच फिरवलं पाहिजे. जरा उशीर झाला की दोन महिन्यांची मेहनत नासली. बर्फ आणायचा गावातल्या कारखान्यातून, लाकडाच्या भुशात, पोत्यात, सायकलवर. आणि वीज? वीज मर्जीनं यायची. सर पहाटे उठून आधी बर्फाची लादी बघत, मग दिव्याचं बटण दाबून बघत, आणि मग आमची कामाला सुरुवात.

पहिल्या खेपेचा दिवस मला अजून आठवतो. सर मासा उचलत, एका फटक्यात पोट उघडत आणि वेटोळं करून बसलेलं लांबलचक आतडं न तुटता बाहेर काढून माझ्या बशीत सोडत. वीतभर माशातून चार हात आतडं निघतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी त्याचे तुकडे करून पिचकारीनं गार मिठाच्या पाण्यात धुवायची, तोलायची आणि काचेच्या खलात बर्फावर वाटायची. सरांची पाठ माझ्याकडे असे; त्यांचा पुढचा मासा सुरू झालेला असे. दहाव्या नळीला पंखा थांबला. वीज गेली. नळ्या फिरवून गाळ खाली बसवणारं सेंट्रिफ्यूज गरगरत मंद होत थांबलं.

"मॅडम, बर्फ किती हाय?"

"अर्ध्या तासाचा."

त्यांनी कपाटाखालून हातानं फिरवायचं जुनं सेंट्रिफ्यूज ओढून काढलं, टेबलाला आवळलं आणि दांडा फिरवायला लागले. मी घड्याळ बघून मिनिटं सांगत होते. त्यांच्या सदऱ्याची पाठ ओली झाली, मनगट सुजलं, पण वेग कमी होऊ दिला नाही. पेंडवाले झाले, मग शेवाळवाले. शेवटची नळी निघाली तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. मग मी स्टोव्हवर पाणी उकळून नळ्या बसवल्या. आम्ही घालतो ते रसायन पिवळं असतं. एन्झाइमनं जितकं पीठ फोडून साखर केलेली असेल तितका तो पिवळा रंग विटेसारखा लाल होत जातो. रंग एकदा आला की वीज येईपर्यंत टिकतो, त्याआधीचं काही थांबत नाही.

पेंडवाल्यांच्या नळ्या नारिंगी झाल्या. शेवाळवाल्यांच्या झाल्या गडद वीटकरी.

"शिकलं मॅडम," सर हळूच म्हणाले. "आतडं शिकलं." वीज आल्यावर मी रंग मोजणाऱ्या कलरीमीटरवर आकडे घेतले, तेही तसेच. दुसऱ्या खेपेलाही तेच, उलट जरा जास्तच. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी आकडे पाहून सरांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्या विभागासमोर ते मांडायला लावले. सर परत आले ते पेढे घेऊन. प्राचार्यांनी त्या दिवशी खिडकी उघडली. सोजरमावशींनी कुरुंद्याकडच्या एका नात्यातल्या मुलीची चौकशी सुरू केली आणि सर पहिल्यांदाच "बघू" म्हणाले.

तिसरी खेप, टाक्यांतल्या शेवटच्या माशांची, फक्त खात्रीसाठी होती. जानेवारीचे दिवस. आदल्या दिवशी माझ्या हातात चंचुपात्र फुटलं आणि अंगठ्याला टाके पडले, म्हणून धुवायचं काम सरांनी स्वतःकडे घेतलं आणि मला नुसतं तोलायला बसवलं. पेंडवाल्यांचे मासे झाले. आतडी रिकामी, पिचकारीतून पाणी जसं गेलं तसं बाहेर आलं. मग शेवाळाच्या टाकीतला पहिला मासा आला. सरांनी पिचकारी दाबली आणि बशीत पांढरट काहीतरी उतरलं.

सर थांबले. त्यांनी दुसरा मासा घेतला. पांढरं. तिसरा. पांढरं. त्यांनी ते चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं आणि नाकाशी नेलं.

"ज्वारी," ते म्हणाले.

बाहेर टाकीवर 'उपास'ची पाटी वाऱ्यानं हलत होती. मला आधी काही कळेना. आणि मग कळलं, तेव्हा हेही आठवलं, की हे पांढरं मी आधी पाहिलं होतं. दोन्ही खेपांना. मी रसायनाची माणूस. मला वाटलं, आतड्यातला चिकट स्राव असेल. मी ते धुऊन टाकलं होतं आणि एका शब्दानं बोलले नव्हते. मी तसं सरांना सांगितलं.

"बर्फ झाका," एवढंच म्हणून ते हात न धुता बाहेर पडले. मी मागोमाग गेले.

सोजरमावशी खोलीसमोर उन्हात बसून परातीत ज्वारीचं पीठ चाळत होत्या. सर उकिडवे बसले. आवाज इतका साधा, की मलाच भीती वाटली.

"माय, माशायला सकाळी काही टाकलं का गं?"

"टाकलं की," मावशी लख्ख हसल्या. "दिवस उगवायला चार गोळे टाकले पिठाचे. तू सांगितलं उपास हाय म्हणून. पर मला सांग नागू, सुरीखाली जाणाऱ्या जितराबाला उपाशी धाडत्यात व्हय? तुह्या बापानं कधी धाडलं? पाणी पाजून, घास देऊनच धाडायचं असतंय."

"सगळ्या टाक्यांत टाकलं?"

"न्हाई. त्या पेंडवाल्यायला काहून? त्यायनी दोन महिने पेंड खाल्ली, एक रोज उपास घडला तर बिघडत न्हाई काही. ह्या चिखल खाणाऱ्या गरिबायलाच टाकलं. दर टायमाला टाकते मी. तुला म्हणलं न्हाई, तू नेमाचा माणूस, वरडशील."

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. गच्चीवरून शेवाळाचा वास येत होता. त्यांच्या कानशिलाजवळ एक शीर उडत होती. आता फुटेल काहीतरी, असं मला वाटलं.

"बरं केलंस माय," ते म्हणाले आणि उठले.

प्रयोगशाळेत परत आल्यावर मी दार लावलं आणि जे बोलले त्याची मला आजही लाज वाटत नाही. मी म्हणाले, गप्प बसा. तुम्ही काही खोटं केलेलं नाही. कदाचित आतडं खरंच शिकलेलं असेल, ज्वारीनं थोडा फरक पडला असेल इतकंच. दोन महिने राहिलेत. पेंडवाले सगळे कापून झालेत, तुलनेला काही उरलं नाही, आणि नवी खेप घ्यायची तर बोटाएवढी पिल्लं पावसाळ्याशिवाय मिळत नाहीत. प्रबंध पाठवा, कायम व्हा, आणि मग सावकाश पुन्हा करून बघा.

सर सुरी पुसत होते. "मॅडम, नळी गडद झाली ती आतड्यानं का पिठानं, तुमाला सांगता येतं का?"

"नाही."

"मला बी न्हाई."

प्राचार्यांनीही तेच सांगितलं, फक्त जास्त मायेनं. "मस्के, कोणी विचारणार नाही. झाकली मूठ राहू द्या." सर उभेच होते. म्हणाले, "सर, आतडं खोटं बोललं न्हाई. ते बराबर सांगून राहिलं व्हतं, आपणच ऐकलं न्हाई." आणि मार्गदर्शकांना द्यायचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, की शेवाळाच्या टाक्यांतील माशांना तिन्ही वेळी चाचणीपूर्वी बाहेरचं अन्न मिळालं, म्हणून सर्व आकडे रद्द समजावेत. कारण : माझे दुर्लक्ष.

"तुमचं कसलं दुर्लक्ष? निदान माझं तरी नाव घाला," मी चिडून म्हणाले.

"टाक्या माह्या हायेत." मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "एक करा मॅडम. हे मायला कळू देऊ नका. कधीच. तिला कळलं ना, तर तिच्या घशाखाली घास उतरायचा न्हाई. मी ओळखतो तिला."

मी शब्द दिला. मार्च गेला, एप्रिलला ऑर्डर संपली, मे महिन्यात जाहिरात आली. जूनमध्ये सरांच्या जागी एक तरुण मुलगा रुजू झाला. बिचारा चांगला होता. सरांनी त्याला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, कुठली टाकी गळते ते दाखवलं, आणि सकाळी काय खाल्लं ते विचारलं. कुरुंद्याकडून पुन्हा निरोप आला नाही. सोजरमावशींना सांगितलं ते इतकंच, की सरकारी नियम बदलला.

त्या पावसाळ्यात सरांनी चौथी खेप घेतली. नोकरी नव्हती, खोली सोडलेली होती. त्या तरुण मुलानं टाक्या वापरू दिल्या आणि मी कलरीमीटर. सर रोज गावातून सायकलवर येऊन मासे पोसायचे. उपासाच्या आदल्या दिवशी त्यांनी आईला दर्शनासाठी औंढ्याला धाडून दिलं, मुक्कामी. कापायच्या दिवशी प्रत्येक आतडं त्यांनी उजेडात धरून बघितलं. सगळी रिकामी. मी नळ्या उकळत्या पाण्यातून काढून ओळीनं लावल्या. पेंडवाल्यांचा रंग नारिंगी आणि शेवाळवाल्यांचाही नारिंगी, पण नीट पाहिलं तर जरासा गडद. जरासाच. पण प्रत्येक नळीत.

"शिकतं," सर म्हणाले. "पर सावकाश." त्या दिवशी त्यांनी दिलेला पेरू मी खाल्ला. पुढे त्यांना पदवीही मिळाली. पण नव्या जागेसाठी जे वय लागत होतं ते तोवर निघून गेलं होतं.

मधे बरीच वर्षं गेली. हिंगोलीचा जिल्हा झाला, कॉलेजला नवी इमारत आली, टाक्या बुजवून तिथे गाड्या लावायला जागा केली. मी पोरांची सहल घेऊन सिद्धेश्वरला गेले होते, तिथे धरणाखाली मासेमारांच्या सोसायटीची मत्स्यबीजाची तळी आहेत. सर तिथे काम बघतात, असं ऐकून होते. ते दिसले ते कमरेइतक्या पाण्यात. केस पांढरे, सदरा तसाच दुमडलेला. एका तळ्यात जाळीचा चौकोन बांधून त्यात त्यांनी पिल्लं कोंडली होती. दूरच्या गावाला पाठवायच्या आधी पिल्लांना उपाशी ठेवावं लागतं, नाहीतर पिशवीत घाण होऊन मरतात. त्यांनी मला हात केला आणि काम चालू ठेवलं.

काठावर बाभळीच्या सावलीत सोजरमावशी बसल्या होत्या. खूप थकल्या होत्या, डोळ्यांत पांढरं आलं होतं, पण आवाजावरून मला ओळखलं. त्यांच्या पुढ्यात एक लहानसं गोल टाकं होतं आणि त्यात हातभर लांबीचे चार-पाच रोहू संथ फिरत होते. मावशी परातीतल्या पिठाचे गोळे करून एकेक सोडत होत्या.

"हे महे," त्या म्हणाल्या. "नागूनं दिले. म्हणला, माय, तुला टाकायचं तर ह्यात टाकत जा, किती बी टाक. ह्यायला कोणी कापत न्हाई."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी माझा हात चाचपून धरला. हाताला ओलं पीठ होतं.

"बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला ठाव असंल. एक इचारू का? लई दिवसाचं मनात हाय." त्या पाण्याच्या दिशेनं बघत होत्या. "तिथं हिंगोलीत त्याच्या माशायला मी दर टायमाला घास दिला. एक जीव मह्या हातून उपाशी गेला न्हाई. सगळ्यायचं पोट भरून धाडलं. मंग आमच्याच पोटावर पाय काहून पडला वो?"

पाण्यातला खळखळाट थांबला. सर पाठमोरे उभे होते, जाळीवर हात ठेवून, आणि मला माहीत होतं की त्यांनी ऐकलंय. मावशींनी माझा हात सोडला नव्हता. मी तोंड उघडलं. नियम बदलला हे जुनं उत्तर त्या हाताला देणं मला जमेना. क्षणभर वाटलं, आता खरं तेच माझ्या तोंडून निघून जाईल.

"मॅडम," सर वळून म्हणाले, "सकाळी काय खाल्लं?"

औंढ्याच्या स्टँडवर मी पोरांबरोबर मिसळ खाल्ली होती, वर दोन भजीही.

"काहीच नाही," मी म्हणाले. "उपाशीच आहे."

"अगं माय!" सोजरमावशींनी माझा हात टाकला. "उन्हाचं उपाशी फिरून राहिली व्हय लेकरा? अन् बोलत बी न्हाईस! बस तू. बस इथंच. भाकर टाकते." परात उचलून, काठी शोधत, त्या खोपटाकडे निघाल्या. आपण काय विचारलं होतं, ते त्या विसरल्या होत्या.

सरांनी माझ्या पोटाकडे बघितलं. त्यांना कळलं असणारच. मग त्यांनी एकदाच मान हलवली आणि पुन्हा जाळीकडे वळले.